नाझारेला जाताय? लाट बघायची की मासळी खायची, हे आधी ठरवा

जुलैत नाझारेला जाऊन आलेला पाहुणा मला हमखास विचारतो, "अहो, ती डोंगराएवढी लाट कुठे असते?" जानेवारीत जाऊन आलेला म्हणतो, "वाळूवर मासे वाळवणाऱ्या बायका दिसल्याच नाहीत, दिवसभर पाऊस." दोघांनी व्हिडिओ पाहिलेले असतात, दोघांची तिकिटं महिनोन् महिने आधी काढलेली असतात, आणि दोघेही गाव न बघता परत येतात.

पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर, लिस्बनच्या उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर हे मासेमारीचं गाव आहे. उन्हाळ्यात ते एक असतं आणि हिवाळ्यात अगदी दुसरं. खाली जे लिहिलंय ते पाहुण्यांना वारंवार फोनवर सांगून झालेलं आहे. क्रम मात्र मोडू नका, कारण बहुतेक चुका क्रमाच्याच असतात.

## १. आधी महिना ठरवा

मोठ्या लाटांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शक्यता जास्त. जून ते सप्टेंबर समुद्र इतर कुठल्याही किनाऱ्यासारखा दिसतो. तेव्हा तिथे जायचं ते वाळूसाठी, ताज्या तारलीसाठी आणि गावच्या गर्दीसाठी.

"मध्यममार्ग म्हणून एप्रिलमध्ये जातो, थोडं थोडं दोन्ही मिळेल" असा हिशोब पुष्कळ जण करतात. एप्रिलमध्ये लाटा ओसरत आलेल्या असतात आणि चांगली तारली अजून यायची असते. शांत गाव आणि स्वस्त खोली हवी असेल तर एप्रिल छान आहे, पण मग या दोन गोष्टींची आशा धरू नका.

दोन तारखा लक्षात ठेवा. फेब्रुवारीच्या आसपासचा कार्निव्हल इथे जोरात होतो, आणि ८ सप्टेंबरच्या आगेमागे गावच्या देवीची, नोसा सेन्योरा द नाझारेची जत्रा असते. या दिवसांत खोली मिळणं अवघड आणि गाडी लावणं त्याहून अवघड. ऑगस्टही तसाच.

## २. बुकिंग करा, पण दिवस मोकळा ठेवा

इथे भारतातून येणाऱ्यांची खरी पंचाईत होते. शेंगेन व्हिसाला आधीपासून ठरलेला कार्यक्रम दाखवावा लागतो, आणि लाट चार दिवस आधीपर्यंत आपला पत्ता लागू देत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मुक्काम लिस्बनला धरा आणि नाझारे ही त्यातली एका दिवसाची सहल ठेवा. हिवाळ्यात लिस्बनचे पाच-सहा दिवस असतील तर त्यातला एकही दिवस नाझारेच्या नावाने बांधून टाकू नका. जवळचं सिन्त्रा गाव, संग्रहालयं, खरेदी हे सगळं इकडचं तिकडे हलवता येतं, लाट हलवता येत नाही.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. गाडी भाड्याने घेणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून आणा, इथे आल्यावर ते मिळत नाही.

तपासा: नाझारेत एक रात्र राहायचंच असेल तर बुकिंग विनाशुल्क रद्द करता येणारं आहे ना? "नॉन-रिफंडेबल" घेऊन शंभर-दोनशे रुपये वाचवलेल्या माणसाला शेवटी सपाट समुद्र बघत बसावं लागतं.

## ३. लाटेचा अंदाज वाचायला शिका

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

लोक हवामानाच्या ॲपवर वादळ-पावसाचं चिन्ह बघतात आणि "उद्या खवळणार समुद्र" म्हणून निघतात. तिथे पोचल्यावर आडवा पाऊस, धुकं, आणि सगळीकडे फेसाळलेलं पांढरं पाणी. लाट आहे की नाही तेच कळत नाही. कोकणातल्या जूनच्या दर्याचा अनुभव इथे दिशाभूल करतो. आपल्याकडचा तो खवळ जागेवरच्या वाऱ्याचा असतो. नाझारेची चांगली लाट मात्र दूर उत्तर अटलांटिकमधल्या वादळातून निघून हजारो किलोमीटर प्रवास करून येते, आणि ती येते तेव्हा गावात ऊन पडलेलं आणि वारा पडलेला असू शकतो. तोच दिवस हवा.

विंडगुरू किंवा सर्फलाइन यांसारख्या साइटवर चार आकडे बघायचे.

उंची. तिथे दिलेला आकडा म्हणजे सगळ्यात मोठी लाट नव्हे. सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, तीही खुल्या समुद्रातली. एखादी लाट याच्या दुप्पट असू शकते, आणि किनाऱ्याशी ती आणखी उंचावते. म्हणून "फक्त ४ मीटर" बघून नाक मुरडू नका. माझा ठोकताळा असा आहे: ३ मीटरच्या आत असेल तर लिस्बनलाच थांबा, ४-५ असेल तर जाऊन या, आणि त्याच्या वर असेल तर हातातलं काम टाकून जा.

कालावधी. दोन लाटांमधलं सेकंदांचं अंतर. नवखे लोक हा रकाना बघतच नाहीत, आणि सगळं त्यातच आहे. नाझारेसमोर समुद्राच्या तळाशी २०० किलोमीटरहून लांब आणि जवळजवळ ५,००० मीटर खोल जाणारी दरी आहे, आणि तिचं तोंड थेट गावाच्या किनाऱ्याला येऊन टेकतं. दरीवरून येणारा लाटेचा भाग खोल पाण्यामुळे वेगात राहतो, शेजारच्या उथळ भागावरचा मंदावतो, दोन्ही वळून एकमेकांत मिसळतात आणि लाट उभी राहते. पण हे व्हायला लाटेला तळ जाणवावा लागतो. ८ सेकंदांच्या लाटेची पोच जेमतेम ५० मीटर खोलीपर्यंत असते, तर १६ सेकंदांच्या लाटेची सुमारे २०० मीटरपर्यंत. म्हणजे आखूड लाटेला त्या दरीचा पत्ताच लागत नाही. १४ सेकंदांहून जास्त दिसलं की कान टवकारा.

दिशा. पश्चिम-वायव्य ते वायव्य. नैऋत्येकडून आलेली लाट तेवढ्याच उंचीची असली तरी तसा आकार घेत नाही.

वारा. मंद, किंवा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेचा. पश्चिमेचा जोराचा वारा असेल तर लाटेचा चेहरामोहराच बिघडतो.

सात दिवस आधीचा अंदाज म्हणजे नुसती कुणकुण. तीन दिवस आधी बऱ्यापैकी खरा होतो. आदल्या संध्याकाळी शेवटचा निर्णय घ्या आणि सकाळी निघण्याआधी तिथला थेट कॅमेरा उघडून बघा.

इशारा: पोर्तुगालचं हवामान खातं (इप्मा) समुद्रासाठी पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. नारिंगी इशारा हा तुमच्यासाठी उत्साहाची बातमी असेल, पण त्या दिवशी कठडे, खडक, धक्का यांपासून लांब राहायचं असा त्याचा अर्थ आहे.

## ४. पोचायचं कसं

लिस्बनहून बस सगळ्यात सोयीची, पावणेदोन ते दोन तास. हमखास होणारी चूक स्थानकाची. लिस्बनमध्ये लांब पल्ल्याच्या बसची दोन ठाणी आहेत: सेत रिओस, जे निळ्या मेट्रोवरच्या जार्दिम झूलॉजिको स्टेशनला लागून आहे, आणि ओरिएंत, जे शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. कंपनीप्रमाणे ठाणं बदलतं. तिकिटावर लिहिलेलं नाव वाचा, मॅपवर नुसतं "बस स्टेशन" शोधू नका. मी स्वतः पहिल्या वेळी चुकीच्या ठाण्यावर कॉफी पीत निवांत बसलो होतो.

रेल्वेच्या नादी लागू नका. गावात स्टेशन नाही. जवळचं वालादो दोस फ्रादेस, पाच-सहा किलोमीटरवर, आणि गाड्या कमी.

स्वतःची गाडी असेल तर ए-८ महामार्ग, टोल आहे. लाट बघायची ती कड्यावरच्या किल्ल्याजवळून. मोठ्या लाटेच्या दिवशी तिकडे जाणारा रस्ता गाड्यांना बंद करतात आणि कड्यावरच्या वस्तीत जागा मिळत नाही. अशा दिवशी सकाळी आठ-साडेआठला पोचा, नाहीतर गाडी खाली लावून चालत वर या.

तपासा: परतीची बस. हिवाळ्यात आणि रविवारी फेऱ्या कमी असतात. उतरल्याबरोबर शेवटच्या बसची वेळ फोनमध्ये टिपून ठेवा.

## ५. गावात शिरल्यावरचा क्रम: हिवाळा

गावाचे तीन भाग आहेत. खाली समुद्रालगतचं प्राया, उत्तरेला कड्यावर बसलेलं सीतिओ, आणि मागच्या टेकडीवरचं जुनं पेदेर्नेरा. बंदर आहे प्रायाच्या दक्षिण टोकाला. मोठी लाट फुटते ती प्राया दो नोर्तेला, म्हणजे सीतिओच्या कड्यापलीकडे उत्तरेला. खालच्या मुख्य किनाऱ्यावरून ती दिसत नाही. बस मात्र खाली सोडते.

म्हणून बहुतेक लोक काय करतात? उतरतात, समोर वाळू दिसते म्हणून तासभर तिथे फिरतात, फोटो काढतात, भूक लागली म्हणून जेवतात आणि तीन वाजता वर जातात. तोवर वारा उठलेला असतो, सूर्य समोरून डोळ्यांत येतो, आणि डिसेंबरात तर सव्वापाचला अंधार पडायला लागतो. क्रम असा ठेवा:

क) थेट वर. प्रायाहून सीतिओला आसेन्सोर जातो, म्हणजे दोरखंडावर ओढली जाणारी उतारावरची छोटी रेल्वे. १८८९ पासूनची, ३१८ मीटरचा रूळ, चढ ४२ टक्के. लिस्बनच्या ग्लोरिया आसेन्सोरला ३ सप्टेंबर २०२५ रोजी अपघात झाला, त्यानंतर हीसुद्धा तपासणीसाठी थांबवली होती. त्यामुळे निघण्याआधी ती चालू आहे ना ते बघून घ्या. नसेल तर पायऱ्यांची वाट आहे. गुडघे दुखत असतील तर टॅक्सी.

ख) चौकातून किल्ल्याकडे. सीतिओच्या चौकातून सांव मिगेलच्या किल्ल्यापर्यंत उताराचा रस्ता, पंधरा-वीस मिनिटं. वाटेत हरणाचं डोकं आणि माणसाचं धड असलेला, हातात सर्फबोर्ड घेतलेला पुतळा लागतो. जाताना उतार म्हणजे येताना चढ, हे आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा.

ग) जागा निवडा. किल्ल्याच्या गच्चीवरून आवाज आणि अंगावर तुषार मिळतात, पण लाट बरीचशी वरून दिसते, म्हणून तिची उंची कळत नाही. उत्तरेकडच्या उतारावर, ठरवून दिलेल्या मोकळ्या जागेतून बघितलं की लाटेची भिंत दिसते. किल्ल्यावरच्या लाल दीपगृहामागे आभाळाएवढी लाट असलेले फोटो लांबून, मोठ्या लेन्सने काढलेले असतात. ती लेन्स मागचं पुढे ओढते. मोबाइलमध्ये तसं येणार नाही, आणि डोळ्यांनाही तसं दिसणार नाही. लाटेवरचा सर्फर किंवा जेट स्की शोधा. तो मुंगीएवढा दिसला की मग खरा आकार कळतो. दुर्बीण न्या, माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

घ) थांबा. लाटा रांगेने येतात, मग मध्ये पंधरा-वीस मिनिटं काहीच नसतं. दहा मिनिटं बघून "हॅ, एवढंच?" म्हणत माघारी फिरणारे मी ढिगाने पाहिलेत. दोन तास हातात ठेवा. सोबत पाणी, काहीतरी खायला, जाड जॅकेट, कानटोपी. छत्री नको, वारा ती उलटी करून तुमच्या हातात देतो.

इशारा: प्राया दो नोर्तेच्या वाळूवर हिवाळ्यात उतरू नका. समुद्र शांत वाटतो, आणि एखादी रांग अर्धा किनारा ओला करून जाते. पाण्यात पाय बुडवणं तर सोडाच. ५ जानेवारी २०२३ रोजी इथे एक मुरलेला ब्राझिलियन सर्फर दगावला, तिथे आपली काय कथा. कड्याच्या कडेची माती भुसभुशीत असते, दोरीपलीकडे सेल्फी नको.

अपेक्षेबद्दल एक गोष्ट. जागतिक विक्रमाची लाट २९ ऑक्टोबर २०२० ची, सेबास्टियन श्टॉइटनर या जर्मन सर्फरची, २६.२१ मीटर. तसे दिवस वर्षानुवर्षांत मोजके येतात. दहा-बारा मीटरची लाट दिसली तरी ती सहज तीन-चार मजल्यांची झाली. ती बघून जो माणूस गप्प झाला नाही, असा मला अजून भेटायचाय.

## ६. उन्हाळ्यात क्रम उलटा

उन्हाळ्यात सकाळी कड्यावर बऱ्याचदा धुकं असतं, आणि संध्याकाळी सीतिओवरून खालच्या किनाऱ्याची पूर्ण कमान दिसते. म्हणून सकाळी बाजार आणि वाळू, दुपारी जेवण, वर जायचं ते पाचनंतर.

पाण्यात जाण्याआधी झेंडा बघा. हिरवा म्हणजे पोहता येईल. पिवळा म्हणजे पाण्यात उभं राहा, पण पोहू नका. लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. चौकडीचा झेंडा म्हणजे जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही. मुख्य किनाऱ्यालाही उतार तीव्र आहे, लाट एकदम पायाशी फुटते आणि लहान मुलाला आत ओढते. गोव्याच्या संथ किनाऱ्याची सवय असलेल्यांनी याची विशेष काळजी घ्यावी. पाणी ऑगस्टमध्येही गारच.

उन्हाळ्यात काही दिवशी वाळूवर जुन्या पद्धतीने जाळं ओढून दाखवतात, तिला "शावेगा" म्हणतात. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडीने वळसा घालायचा आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं. बघितल्याबरोबर मालवणचा माणूस म्हणेल, "ही तर आमची रापण!" दिवस-वेळ गावच्या पर्यटन कार्यालयात विचारा.

## ७. सुकी मासळी: बघण्याची आणि खाण्याची रीत

प्रायाच्या दक्षिण भागात, वाळूवरच लाकडी चौकटींना जाळी ठोकून त्यावर मासे वाळत घातलेले दिसतात. सगळ्यात जास्त काराप्राऊ नव्हे, कारापाऊ. नाव नीट घ्या, विकणाऱ्या बायका ऐकून हसतात. बांगड्याच्या अंगलटीचा हा मासा पोटातून उघडून, साफ करून, मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवतात. ऊन असेल तरच हे दिसणार, पावसाच्या दिवशी चौकटी रिकाम्या.

दोन प्रकार ओळखा. पूर्ण वाळलेला दोन-तीन दिवस उन्हात असतो. तो तुकडे करून ऑलिव्ह तेल आणि लसणीबरोबर खातात. अर्धवट वाळलेल्याला "एंजुआदु" म्हणतात. तो शिजवून किंवा भाजूनच खायचा. "सुका म्हणजे सगळा सारखा" म्हणून अर्धवट वाळलेला घेऊन तसाच चावणारे आपलेच लोक असतात. घेताना विचारा.

फोटो काढण्याआधीही विचारा: "पोसु तिरार उमा फोतु?" त्या बायका धंद्याला बसलेल्या असतात. पाव किलो मासळी घेऊन मग विचारलंत तर उत्तर बहुधा "सीं" येतं. ससून डॉकवर कोळणीसमोर नुसता कॅमेरा धरून बघा काय ऐकायला मिळतं, तसंच इथेही.

बंदरात बोटी कधी लागतात ते विचारून जा. घाऊक लिलाव व्यापाऱ्यांसाठी असतो, तुम्हाला तिथे मासळी घेता येत नाही. आपल्याकडे बोली चढत जाते, इथल्या लिलावात मात्र भाव वरून खाली उतरत जातो आणि जो आधी थांबवेल त्याचा माल. हिवाळ्यात मोठ्या लाटेच्या सकाळी बंदराकडे जायचं आणखी एक कारण आहे: सर्फर आणि त्यांच्या जेट स्की इथूनच निघतात.

## ८. जेवायला बसण्याआधी

वेळ. दुपारचं स्वयंपाकघर साधारण तीनला बंद होतं आणि सातनंतर उघडतं. साडेतीनला पोचलात तर सँडविचवर भागवावं लागेल.

टेबलावर आलेलं फुकट नसतं. पाव, ऑलिव्ह, चीज न मागता मांडतात. खाल्लं तर पैसे, नको असेल तर हात न लावता परत करा. यात फसवणूक नाही, ही तिथली रीतच आहे, पण वादावादी मात्र दर आठवड्याला होते.

मासा किलोवर. काचेमागे बर्फावर ठेवलेल्या माशाचा भाव किलोचा असतो. मासा निवडा, वजन करायला लावा, किंमत ऐका, मग हो म्हणा. बिल बघून चक्कर येण्यापेक्षा हे बरं.

प्रमाण. "दोझ", म्हणजे पूर्ण प्लेट, दोघांना पुरते, एकट्याला "मेया दोझ", म्हणजे अर्धी, मागा. काल्देइरादा, म्हणजे बटाटा-टोमॅटोबरोबर थर लावून शिजवलेली मिश्र मासळी, बहुतेक ठिकाणी दोघांसाठीच करतात. तिखट नसते. हिरव्या मिरचीची पुडी खिशात ठेवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही.

हंगाम. भाजलेली तारली जून ते ऑक्टोबरच्या सुमारास खावी, तेव्हा तिला चरबी असते. जानेवारीत मिळाली तर ती बहुधा बर्फातली. आणि बाकल्याव मागवून "इथली ताजी मासळी खाल्ली" असं समजू नका. तो खारवलेला कॉड उत्तरेच्या थंड समुद्रांतून येतो.

शाकाहारी मंडळींसाठी. नुसतं "मांस नको" म्हटलं तर मासा येतो. "सें कार्न, सें पैश" असं दोन्ही सांगा. काल्दु वेर्द हे पालेभाजीचं सूप दिसतं, पण त्यात सॉसेजची चकती असते. "सें शोरिसु" म्हणा, आणि तरी चमचा घालून बघा.

## ९. रात्र राहायचं ठरलं तर

रस्त्यात बायका "क्वार्तुस" किंवा चार भाषांत "खोली" लिहिलेली पाटी धरून बसलेल्या दिसतात. घेऊ नये असं नाही, पण दारावर "ए.एल." अशी नोंदणीची पाटी आहे का बघा, खोली बघा, गरम पाणी सोडून बघा, मग पैसे द्या. हिवाळ्यात हीटर आहे का हे विचारायला विसरू नका. इथली घरं बाहेरपेक्षा आत जास्त गार असतात. लाटेसाठी राहत असाल तर सीतिओत खोली घ्या, वाळू आणि जेवणासाठी असेल तर प्रायात. आणि सीतिओत राहून रात्री जेवायला खाली उतरणार असाल, तर बसायच्या आधी आसेन्सोरची वर जाणारी शेवटची फेरी किती वाजता आहे ते बघून घ्या.